विश्लेषण : जुनी ‘हॉट हॅच’ सोलापुरात अ‍ॅव्हरेज किती देते आणि खर्च किती मागते?

छोट्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीलाही भाव सोडावा लागतो. त्यामुळे एके काळी ‘आपल्या आवाक्यातली नाही’ म्हणून सोडून दिलेल्या पोलो जीटी, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, आय-२० एन लाइन अशा गाड्या आता साध्या नव्या हॅचबॅकच्या किमतीत किंवा त्याहून कमी पैशांत मिळू लागल्या आहेत. अशी गाडी बघायला गेलेला सोलापूरकर पहिला प्रश्न ठरलेला विचारतो : अ‍ॅव्हरेज किती देते? विकणारा ठरलेलेच उत्तर देतो : हायवेला १८ देते. प्रश्न रास्त आहे. पण या जातीच्या गाडीत सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा नसतो.

‘हॉट हॅच’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

घरच्या वापराच्या, मागे पाचवे दार असलेल्या छोट्या गाडीत जास्त ताकदीचे इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक बसवले की तिला हॉट हॅच म्हणतात. फोक्सवॅगनने १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय मांडली आणि पुढच्या वर्षी विक्रीस आणली, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे २००१ मध्ये फियाटने पॅलिओ १.६ आणली, सुमारे १०० अश्वशक्तीची. चालवणारे अजूनही तिचे नाव काढतात. पण ‘पेट्रोल पिते’ एवढ्या एका वाक्याने तिचा बाजार बसवला.

नंतरच्या भारतीय हॉट हॅचचा आकार कररचनेने ठरवला. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तरच छोट्या मोटारीचा कमी कर लागतो. त्यामुळे परदेशात दोन लिटरचे इंजिन असते तिथे आपल्याकडे एक किंवा १.२ लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून काम भागवले गेले. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय १.२ लिटर आणि १०५ अश्वशक्तीची. २०१७ ची बलेनो आरएस एक लिटरची, १०२ अश्वशक्तीची. २०१८ ची टियागो जेटीपी १.२ लिटर, ११४ अश्वशक्ती. २०२१ मध्ये अल्ट्रोझ आयटर्बो आणि आय-२० एन लाइन आल्या. या नियमाला अपवाद अबार्थ पुंटो. २०१५ मध्ये आलेली ही गाडी १.४ लिटर आणि १४५ अश्वशक्तीची. जास्त कर भरूनही ती दहा लाखांच्या आत, एक्स-शोरूम ९ लाख ९५ हजारांना मिळत होती, हे आज खरे वाटत नाही. (२०१६ मधील पोलो जीटीआय इथे धरलेली नाही. ती आयात केलेली, २५ लाखांच्या पुढची गाडी होती आणि जेमतेम शंभरेक आल्या.)

यातल्या तीन गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या : पोलो चाकणला, पुंटो रांजणगावला, अल्ट्रोझ पिंपरी-चिंचवडला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या जुन्या बाजारात त्या अधूनमधून नजरेस पडतात.

कंपनीचा आकडा आणि पंपावरचा आकडा वेगळा का?

बलेनो आरएसचा प्रमाणित आकडा २१.१ किलोमीटर प्रतिलिटर. आय-२० एन लाइन डीसीटीचा २०.२५, पोलो १.० टीएसआय मॅन्युअलचा १८.२४, अल्ट्रोझ आयटर्बोचा १८.१३, पोलो जीटी टीएसआयचा १७.२ आणि अबार्थ पुंटोचा १६.३. हे आकडे खोटे नाहीत. ते रस्त्यावरचे नाहीत, एवढेच.

ही चाचणी ज्या पद्धतीने होते तिचे नाव एमआयडीसी. सोलापूरकराला या अक्षरांनी अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी आठवेल, पण इथे अर्थ ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात आणि ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, ठरलेल्या वेगाने चालवतात. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास भरते. सरासरी वेग ताशी साधारण ३२ किलोमीटर, कमाल वेग ९०. एसी बंद. समोरून वारा नाही, चढ नाही, मागच्या सीटवर तीन माणसे नाहीत आणि गाडी वेग घेते तेही अगदी सावकाश.

टर्बो गाडीला हे सोयीचे पडते. इंजिनावर भार कमी असतो तेव्हा टर्बो जवळजवळ निवांत असतो आणि एक लिटरचे इंजिन एक लिटरएवढेच पेट्रोल घेते. पाय दाबला की टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, तेवढ्याच प्रमाणात जास्त पेट्रोल आत जाते आणि तेच इंजिन मोठ्या इंजिनासारखे वागते. भार फार वाढला की आतील तापमान आवाक्यात ठेवण्यासाठी गरजेपेक्षाही जास्त पेट्रोल सोडले जाते. थोडक्यात, गाडी परीक्षेला बसते १.२ लिटरची म्हणून आणि रस्त्यावर धावते १.८ लिटरची होऊन. साध्या बिनटर्बो गाडीत प्रमाणित आणि प्रत्यक्ष आकड्यांत जेवढे अंतर पडते, त्याहून हॉट हॅचमध्ये ते जास्त पडते ते यामुळे. एकाच मॉडेलच्या दोन मालकांच्या आकड्यांत चार-पाच किलोमीटरचा फरक असतो, तोही यामुळेच. दोघेही खरे बोलत असतात, पाय वेगळे असतात.

सोलापुरात काय वेगळे?

शहर लहान आहे आणि मायलेजच्या दृष्टीने हीच अडचण आहे. सात रस्त्यावरून नवी पेठ किंवा जुळे सोलापुरातून स्टेशन, हे अंतर काही किलोमीटरचेच. तेवढ्यात इंजिन नीट गरमही होत नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल घेते. गाडी तीनदा काढून तीनदा लावली तर दिवसाचा सगळा प्रवास थंड इंजिनावरच होतो. त्यात गतिरोधक, रिक्षा, दुचाकी, आणि प्रत्येक गतिरोधकानंतर पुन्हा ‘जरा दाबू’ असे वाटायला लावणारे इंजिन. शहरात लिटरला दहाच्या आसपास आकडा दिसला तर गाडीत दोष आहे असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. एसी पूर्ण क्षमतेवर चालतो आणि छोट्या इंजिनाच्या ताकदीतला मोठा वाटा घेतो. त्याशिवाय टर्बोकडे जाणारी हवाच तापलेली असते. तापलेल्या हवेने इंजिनात ‘नॉकिंग’ होण्याचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि त्यात ताकद आणि मायलेज दोन्ही जातात. मे महिन्यात दुपारी चालवलेली आणि डिसेंबरात सकाळी चालवलेली तीच गाडी वेगळी वाटते, तो भास नसतो.

महामार्गावर मात्र या गाड्या सुखावतात. सोलापूर-पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असा चौपदरी आणि बराचसा सपाट रस्ता. इथे मायलेज ठरवतो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो : ताशी ८० ला जेवढा असतो त्याच्या दीडपटीहून जास्त १०० ला आणि सव्वादोन पट १२० ला. ८०-९० च्या वेगात १७ देणारी गाडी सतत १२० ने हाकली तर १३ वर येऊ शकते. अडीचशे किलोमीटरला हा फरक साडेचार लिटरचा. १०५ रुपये लिटर धरला तर एका फेरीत पावणेपाचशे रुपये. वेळ किती वाचतो? वाटेतल्या सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस या नाक्यांनी आणि हडपसरच्या गर्दीने त्यातला बराचसा परत घेतलेला असतो. चौपदरी महामार्गावर मोटारींना केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा १०० आहे, ही गोष्ट वेगळीच.

याच रस्त्यावर एक गंमत आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सोलापूर त्याहून शंभरेक मीटर खाली. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याला जाताना गाडी हलक्या चढावर आणि वाऱ्याविरुद्ध धावते, येताना उलट. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ९० च्या वेगाला हवेचा विरोध जवळपास दीडपट होतो. तेव्हा जातानाचा आणि येतानाचा आकडा वेगळा आला म्हणून पंपावर संशय घेऊ नये. फेरी पूर्ण करून सरासरी काढावी.

ई-२० पेट्रोलने किती फरक पडतो?

सोलापूर राज्यातील साखर कारखान्यांचा अग्रणी जिल्हा. इथल्या उसापासून निघालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळून इथल्याच पंपावर येते. शेतकऱ्याच्या घरी उसाचे बिल आणि मुलाच्या हातात टर्बो गाडी असेल, तर एका हाताने मिळालेले थोडे दुसऱ्या हाताने जाते.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात ही तूट सहा-सात टक्क्यांची होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के घट सांगितली. २०१३ ते २०२० मधील हॉट हॅच या ‘इतर’ गटात येतात. म्हणजे पूर्वी १५ देणारी गाडी १४ ते साडेचौदा देईल. समाजमाध्यमांवर निम्म्यावर आल्याच्या कथा फिरतात, त्यात दुसरे काहीतरी बिघडलेले असते.

मिश्रणाचा ऑक्टेन जास्त असतो, हे टर्बो इंजिनाला नॉकिंगच्या दृष्टीने बरेच. खरी काळजी मायलेजची नाही. ती जुन्या गाडीतील रबरी नळ्या, सील आणि इंधनपंप यांची आहे. इंधन व्यवस्थेतील हे भाग ई-२० ला चालणारे हवेत, ही अपेक्षा एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांकडून आहे. त्याआधीची गाडी घेताना बॉनेट उघडून इंधनाच्या नळ्या बघाव्यात. भेगा, चिकटपणा किंवा पेट्रोलचा वास आला तर बदलून घेण्याचा खर्च भावात धरावा. ‘९५’ नावाने मिळणारे महाग पेट्रोल टाकले की इथेनॉल टळते, हा मात्र गैरसमज आहे.

आकडा स्वतः कसा काढायचा?

डॅशबोर्डवरचा आकडा सहसा गोड असतो. खात्रीची पद्धत जुनीच आहे. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, त्यावर दामटून आणखी भरायचे नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा. किमान तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी वापरायची. मग शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचे. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. मूळ मापाऐवजी मोठी चाके टाकलेली असतील तर किलोमीटरच चुकीचे नोंदले जातात, हेही लक्षात ठेवावे. जुन्या हॉट हॅचमध्ये असे फार वेळा आढळते. टायरमधील हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी.

खरेदीच्या आधी हे सगळे शक्य नसते. विकणाऱ्याकडे पेट्रोलच्या पावत्या किंवा मोबाइलमधील नोंदी असतील तर मागाव्यात. अशा नोंदी ठेवणारा मालक बहुधा ऑइलही वेळेवर बदलतो, हा त्यातला जास्त उपयोगाचा भाग.

मग महिन्याला किती?

महिन्याला हजार किलोमीटर धरू. सहाशे शहरात, चारशे महामार्गावर. हॉट हॅचला शहरात १० आणि बाहेर १५ धरले तर ८७ लिटर, म्हणजे साधारण ९,१०० रुपये. त्याच वापराला साधी बिनटर्बो हॅचबॅक शहरात १५ आणि बाहेर २० देत असेल तर ६० लिटर, ६,३०० रुपये. फरक महिन्याला २,८०० चा, वर्षाला ३३ हजार ६०० चा.

हा आकडा छोटा नाही. पण शेजारी दुसरे आकडे ठेवून बघावेत. अबार्थला १९५/५५ आर-१६ मापाचे टायर लागतात. अशा चार चांगल्या टायरांचा संच तीस हजारांच्या घरात जातो आणि जोरात चालवली तर तो लवकर झिजतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे नियंत्रण युनिट गेले तर एकाच बिलात तीन वर्षांच्या पेट्रोलचा फरक निघून जातो. आणि सहा लाखांना घेतलेली गाडी तीन वर्षांनी चार लाखांना गेली तर महिन्याला साडेपाच हजार रुपये नुसती उभी राहून जातात. अ‍ॅव्हरेजवर घासाघीस करणारा ग्राहक गिअरबॉक्सवर एक प्रश्न विचारत नाही, हे जुन्या गाड्यांच्या बाजारातले नेहमीचे दृश्य आहे.

कोणत्या गाडीत काय बघायचे?

पोलो जीटी टीएसआयच्या २०२० पर्यंतच्या गाड्यांत सात गिअरचा डीएसजी आहे. त्यातला क्लच कोरडा, म्हणजे तेलात न बुडालेला. गर्दीत पुढे-थांब-पुढे करताना तो तापतो, आणि सोलापूरचा उन्हाळा त्याला मदत करत नाही. त्याचे ‘मेकॅट्रॉनिक’ युनिट बिघडले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. चाचणीला सकाळी थंड गाडी घेऊन समाधान मानू नये. दुपारी, एसी लावून, अर्धा तास गर्दीत चालवावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के, रिव्हर्सला उशीर किंवा डॅशबोर्डवर पान्याचे चिन्ह चमकले तर भाव कितीही चांगला असो, परत फिरावे. बीएस-६ नंतरची पोलो १.० टीएसआय या बाबतीत सुरक्षित. तिच्यात सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी याच इंजिनाच्या टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया विकल्या जात असल्याने इंजिनाचे भाग मिळण्याची चिंता कमी. आमच्या मते जुन्या हॉट हॅचमध्ये सोलापूरसारख्या शहरासाठी सगळ्यांत समजूतदार निवड मॅन्युअल पोलो १.० टीएसआयचीच.

अबार्थ पुंटो मनाने घेण्याची गाडी. चारही चाकांना डिस्क ब्रेक, साधा पाच गिअरचा मॅन्युअल, आणि त्या किमतीत दुसरी कुणी न दिलेली ताकद. पण फियाटचे नाव २०१९ च्या सुमारास भारतीय बाजारातून गेले आणि देखभाल जीपच्या सेवाजाळ्याकडे आली. साध्या पुंटोचे भाग अजून सापडतात. अबार्थचे खास भाग पुण्या-मुंबईतून किंवा ओळखीतून मागवावे लागतात. बंपर फुटला तर गाडी महिनाभर उभी राहण्याची तयारी हवी. घरात दुसरी गाडी असेल तरच घ्यावी.

बलेनो आरएसचे बाहेरचे बहुतेक भाग साध्या बलेनोचेच, त्यामुळे कोणताही मारुतीचा फिटर तिला हात लावतो. इंजिन मात्र तेव्हा आयात केलेले होते. त्याच घराण्याचे इंजिन २०२३ पासून फ्राँक्समध्ये आल्याने चित्र थोडे सुधारले. एक गोष्ट विसरू नये : एप्रिल २०२३ मध्ये मारुतीने ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या. २७ ऑक्टोबर २०१६ ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या गाड्यांमध्ये ब्रेकला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम पंपात दोष असण्याची शक्यता होती. घेताना चेसिस क्रमांकावरून ते काम झाले आहे का, हे अधिकृत सेवाकेंद्रात तपासून घ्यावे. ते विनामूल्य होते.

टियागो जेटीपी थोड्याच काळ विकली गेली, २०२० मध्ये बीएस-६ येताना बंद झाली. यांत्रिक भाग टाटाच्या नेहमीच्या गाड्यांशी मिळतेजुळते असल्याने ती चालवणे अवघड नाही, चांगली सापडणे अवघड. आय-२० एन लाइन सर्वांत नवी आणि सर्वांत महाग. तिच्यातही डीसीटी आहे, तेव्हा दुपारच्या चाचणीचा नियम तिलाही लागू.

सगळ्यांसाठी दोन गोष्टी समान. टर्बोला ऑइल पुस्तिकेतील दर्जाचेच आणि वेळेवर हवे. इथे काटकसर केलेली गाडी एक्झॉस्टमधून निळसर धुराने सांगते. दुसरे, कूलंट. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. क्षारांचे पाणी टर्बो इंजिनाच्या अरुंद वाहिन्यांत थर धरते. टाकीचे झाकण उघडून कूलंटचा रंग बघावा. गढूळ किंवा नुसते पाणी दिसले तर त्या गाडीचा पुढचा उन्हाळा तुमच्या खिशातून जाणार.

कागदपत्रांत कुठे अडकतो?

सोलापूर तीन राज्यांच्या तोंडावर आहे. विजयपूर शंभर किलोमीटरवर, हैदराबाद तीनशेच्या पुढे. त्यामुळे कर्नाटक आणि तेलंगणा पासिंगच्या गाड्या इथे येतात आणि एमएच १३ च्या गाडीपेक्षा स्वस्त वाटतात. त्यात मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा वयानुसार ठरणारा कर आणि पुन्हा नोंदणी मिळवली की स्वस्ताई बरीच आटते. व्यवहाराआधी कर किती बसेल हे विचारूनच भाव बोलावा. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवलेला असावा. जुन्या गाडीवर उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आहे का, ई-चलन थकले आहे का, हेही बघावे.

गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत ती विकणाऱ्याचीच असते. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की नोंदणीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. जोरात धावणारी गाडी कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून देणाऱ्याने हे दोनदा वाचावे.

विम्याचेही तसेच. तृतीयपक्ष विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण १४ दिवसांत नावावर करून घ्यावे लागते. नो-क्लेम बोनस मागच्या मालकाचा असतो, तो मिळत नाही. तृतीयपक्ष विम्याचा हप्ता ताकदीवर ठरत नाही, सीसीवर ठरतो : २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६. म्हणून १२० अश्वशक्तीची आय-२० एन लाइन सर्वांत खालच्या गटात बसते.

विक्रेत्याकडून गाडी घेतली तर त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी असतो. पूर्ण किमतीवर नाही. दोन व्यक्तींतील खासगी व्यवहाराला तो लागत नाही. ‘जीएसटी वेगळा पडेल’ म्हणून सरसकट १८ टक्के मागणाऱ्याला हिशेब लेखी मागावा.

रीमॅप केलेली गाडी घ्यावी का?

हॉट हॅचच्या जुन्या बाजारात हा प्रश्न येतोच. इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून वीस-तीस अश्वशक्ती वाढवलेली, मोठा एक्झॉस्ट लावलेली गाडी जास्त पैशांना विकायला असते. विकणारा ‘मायलेजही वाढले’ असे सांगतो. हलक्या पायाने चालवली तर क्वचित वाढतेही. पण हलक्या पायाने चालवायला कोणी रीमॅप करत नाही. वाढीव दाबाचा ताण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर पडतो आणि तो किती पडून गेला आहे हे बाहेरून दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलणारे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका सापडतो. अशी गाडी घ्यायचीच असेल तर मूळ एक्झॉस्ट आणि मूळ आज्ञावली परत मिळते का, हे विचारावे. मूळ भाग जपून ठेवलेला मालक भेटला तर उरलेली गाडी बघायला हरकत नाही. ‘ते भंगारात गेले’ असे उत्तर आले तर दुसरी गाडी बघावी.